एअर रायफलचा लाकडी दस्ता चिरलाय? घरच्या दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छर्र्याच्या बंदुकीच्या दस्त्याबद्दल तेच तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून सगळे एका जागी घेतलेत. हे सगळं विनापरवाना चालणाऱ्या .१७७ (इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर) एअर रायफलबद्दल आहे. बारा बोर, ठासणीची, .२२ वगैरे असेल तर आधी प्रश्न २ आणि १९ वाचा, मग बाकीचं.

१. दस्त्याला चीर गेलीय. घरी दुरुस्त होते का, की नवीन दस्ताच घ्यायचा?

बहुतेक वेळा होते, आणि नीट केली तर जोड बाजूच्या लाकडाइतका पक्का होतो. लाकूड रेषेच्या दिशेने फाटलेलं असेल, दोन्ही बाजू जागेवर असतील, मधला तुकडा हरवलेला नसेल तर हे घरच्या घरी होणारं काम आहे. शिवाय जुन्या बंदुकीचा नवीन दस्ता मिळवणं सोपं नाही, मिळाला तरी ऍक्शन (नळी, सिलिंडर, ट्रिगर असा लोखंडी भाग) त्यात तंतोतंत बसेलच असं नाही, आणि जुन्या शिसमाला किंवा अक्रोडाला जो रंग चढलेला असतो तो नव्या लाकडाला येत नाही. म्हणून माझं मत कायम हेच की आधी दुरुस्ती बघा. फक्त रेषेला आडवा तुटलेला दस्ता (प्रश्न १०) आणि किडलेलं लाकूड (प्रश्न २०) या दोन ठिकाणी नीट विचार करून ठरवायचं.

२. घरी दुरुस्त करणं कायद्यात बसतं का?

बंदूक कुठली आहे त्यावर आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे एअर रायफलची मझल एनर्जी (नळीतून सुटताना छर्र्याची ऊर्जा) २० जूलपेक्षा जास्त असेल किंवा बोअर (नळीचं भोक) .१७७ पेक्षा मोठा असेल तर परवाना लागतो. त्याच्या आतली, म्हणजे आपली नेहमीची साडेचार मिलिमीटर छर्र्याची, तिला लागत नाही आणि तिचा दस्ता तुम्ही घरी चिकटवू शकता. .२२ ची एअर रायफल असेल तर ती परवान्यात येते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

परवान्याची बंदूक असेल तर शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ लागू होतं, त्यात दुरुस्ती हा शब्द स्पष्ट आहे, त्यासाठी वेगळा परवाना असलेलाच माणूस लागतो. आणि "नुसता दस्ता काढून सुताराकडे देतो, बंदूक घरीच ठेवतो" हेही करू नका, कारण कायद्याच्या व्याख्येत बंदुकीत तिचे भागसुद्धा धरलेत.

३. ही खरंच चीर आहे की नुसता पॉलिशला तडा गेलाय, कसं ओळखायचं?

दस्ता उजेडात धरा आणि संशय आहे तिथे कापसाने थोडं स्पिरिट फिरवा. बाजूचं लाकूड झटकन सुकतं, चिरीत गेलेलं स्पिरिट मागे राहतं, त्यामुळे एक बारीक काळी ओली रेघ काही सेकंद जास्त दिसत राहते. चीर किती लांब आहे तेही त्यातच कळतं, डोळ्यांना दिसते त्यापेक्षा ती नेहमी थोडी पुढे गेलेली असते. रेघेची दोन्ही टोकं पेन्सिलने मार्क करून ठेवा. (पॉलिश लाखेचं असेल तर स्पिरिटने ते विरघळतं, तेव्हा हलक्या हाताने, नाहीतर आतल्या बाजूने करा.)

दुसरं म्हणजे दोन्ही हातांनी दस्ता अगदी हलका पिळून बघायचा. चीर उघडझाप करत असेल किंवा बारीक कुरकुर आवाज येत असेल तर ती आतपर्यंत गेलीय. नुसती पॉलिशची जाळी असेल तर काहीच हलत नाही, मग फक्त प्रश्न १४ बघा.

४. पण चीर पडलीच कशी? बंदूक तर कधी पडली नव्हती.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि हाच कोणी विचारत नाही. कारण शोधलं नाही तर कितीही भारी ग्लू लावा, त्याच्याच बाजूला नवी चीर येणार.

पहिलं आणि सगळ्यात कॉमन कारण, सैल स्क्रू. स्प्रिंगवाल्या एअर रायफलचा धक्का दोन दिशांना असतो, पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते आणि पिस्टन पुढे जाऊन आदळला की लगेच पुढे ओढली जाते. स्क्रू घट्ट असतील तर लोखंड आणि लाकूड एकत्र हलतात. सैल असतील तर प्रत्येक फायरला लोखंड आतल्या आत पुढे-मागे सरकून लाकडाला ठोकतं, शेकडो छर्र्यांनंतर लाकूड फाटतंच.

दुसरं कारण नळी उघडी असताना ट्रिगर दाबला जाणं. नळी फाडकन बंद होते, त्यात नळी वाकू शकते, आणि तो झटका थेट ग्रिपजवळच्या (मुठीत धरायच्या जागेजवळच्या) बारीक भागावर जातो. लहान मुलांच्या हातात बंदूक दिली की हे होतं, आणि बोटं सापडली तर काय होईल ते सांगायला नको. तसंच छर्रा न घालता रिकामी फायर करत राहणं. छर्र्यामुळे पिस्टनच्या पुढे हवेची उशी तयार होते, छर्रा नसेल तर पिस्टन सरळ आदळतो.

तिसरं तेल. बंदूक आवडते म्हणून लोक तेल घालत राहतात, ते तेल दस्त्यात मुरतं, लाकूड काळं पडतं आणि मऊ होतं. यावर प्रश्न ७ मध्ये सविस्तर लिहिलंय.

चौथं हवा. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. कोकणातल्या पावसाळ्यात फुगलेला दस्ता विदर्भातल्या मे महिन्यात नेला की तो आकसणार, आतलं लोखंड मात्र तेवढंच राहणार, मग लाकूड रेषेवर सुटतं.

आणि पाचवं कारण दस्ता बनवतानाचंच. ग्रिपच्या वळणावर लाकडाची रेषा दस्त्याच्या वळणाबरोबर न जाता तिरकी बाहेर पडत असेल तर तो भाग जन्मापासून कच्चा. तुमच्या दस्त्याची रेषा ग्रिपपाशी एकदा निरखून बघाच. अक्रोडाला दस्त्यासाठी एवढा मान आहे तो उगीच नाही, वजनाला बेताचं, धक्का सोसणारं, आणि हवेप्रमाणे कमी हलणारं लाकूड आहे ते. शिसम दिसायला देखणं आणि टणक, पण जड.

५. दस्ता वेगळा कसा करायचा? स्प्रिंग अंगावर उडेल अशी भीती वाटते.

भीती बरोबर आहे, फक्त जागा चुकीची आहे. नेहमीच्या नळी मोडून लोड करायच्या बंदुकीत पुढे दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू असतो आणि खाली ट्रिगर गार्डला एक किंवा दोन. एवढे काढले की ऍक्शन वर उचलून येते, स्प्रिंग सिलिंडरच्या आतच राहते. सिलिंडरची मागची टोपी आणि ट्रिगर ब्लॉकच्या पिना यांना मात्र हात लावू नका, स्प्रिंग बंदूक कॉक केलेली नसतानाही दाबलेलीच असते.

सुरुवात करण्याआधी नळी उघडून छर्रा नाही ना बघा, बंदूक कॉक केलेली (स्प्रिंग ताणून फायरला तयार) नाही ना बघा. स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असाच पेचकस घ्या, नाहीतर खाच खराब होते आणि मग सगळंच अडतं. कुठला स्क्रू कुठला ते पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढून त्यात टोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते.

६. कुठला ग्लू लावू? फेव्हिकॉल चालेल, की फेविक्विक, की अराल्डाइट?

दस्त्याला इपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूबवालं अराल्डाइट, आणि तेही हळू सुकणारं साधं. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका, ते चिरीत शिरायच्या आत घट्ट व्हायला लागतं आणि त्याची ताकदही कमी असते.

फेव्हिकॉल लाकडाला उत्तमच आहे, फर्निचरमध्ये त्याला तोड नाही, पण त्याला दोन अटी लागतात. लाकूड लाकडाला पूर्ण टेकलं पाहिजे आणि तेलाचा अंश नको. दस्त्याच्या चिरीत या दोन्ही अटी क्वचितच पाळल्या जातात. ताजी चीर, कोरडं लाकूड, सगळे तंतू परत जागच्या जागी बसतायत, अशा वेळी चालेल. फट भरायला तो उपयोगाचा नाही, सुकताना आकसतो.

फेविक्विक पाण्यासारखं पातळ असल्यामुळे केसाएवढ्या चिरीत आपोआप ओढलं जातं, म्हणून वरवरच्या बारीक चिरीला ठीक. पण ते सुकल्यावर ठिसूळ असतं, धक्का बसणाऱ्या जागी त्याच्यावर भरवसा ठेवू नका. एम-सील तर ग्लू म्हणून वापरूच नका, ते भोक बुजवायला आहे, चिरीत जातच नाही.

अराल्डाइटचे दोन्ही भाग पॅकवर लिहिलंय त्याच प्रमाणात घ्यायचे, जास्त हार्डनर टाकून लवकर सुकत नाही, उलट जोड कच्चा राहतो. चांगलं दोन-तीन मिनिटं घोटा. हातात ग्लोव्हज घाला, काही जणांना इपॉक्सीची ऍलर्जी होते आणि एकदा झाली की कायमची राहते.

७. चिरीजवळचं लाकूड तेलाने काळं पडलंय. त्यावरच ग्लू लावला तर?

सुटेल. कुठलाच ग्लू तेलकट लाकडाला धरत नाही, आणि दुरुस्ती फसण्याचं हे एक नंबरचं कारण आहे. इथे घाई केली की सगळी मेहनत वाया.

करायचं असं. हार्डवेअर किंवा केमिकलच्या दुकानातून ऍसिटोन आणा (नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात सुगंध आणि तेलं असतात). बारीक खडू पावडर ऍसिटोनमध्ये कालवून दाट लेप करा आणि काळ्या भागावर, चिरीवर जाडसर थापा. ऍसिटोन आत जाऊन तेल सोडवतं, उडताना ते तेल वर आणतं आणि खडू ते शोषून घेतो. लेप सुकला की पिवळट तपकिरी झालेला दिसेल. झाडून टाका, परत लावा. सुकलेला लेप पांढराच राहीपर्यंत हे चालू ठेवायचं, खूप मुरलेलं असेल तर काही दिवस जातात, जाऊ देत. मग शेवटी चिरीत सिरिंजने नुसतं ऍसिटोन सोडून धुवून घ्या आणि दिवसभर सुकू द्या.

हे गॅलरीत किंवा अंगणात करा, देवघरातला दिवा, गॅस, सिगारेट काहीही जवळ नको. ऍसिटोनची वाफ लांबून पेट घेते. आणि हे आधीचं पॉलिशही काढणार हे धरूनच चाला.

८. ग्लू चिरीच्या आत शेवटपर्यंत जातच नाही. काय करू?

वरून फासलेला ग्लू म्हणजे नुसती पट्टी, आतलं टोक कोरडं राहिलं की चीर तिथूनच पुढे जाते. त्यामुळे सगळं लक्ष शेवटच्या टोकावर.

आधी लाकडाची बारीक पाचर करून चीर हलकेच उघडी ठेवा, दाढीच्या ब्लेडएवढी फट झाली तरी पुरे, जास्त ताणलंत तर चीर वाढेल. पंचरवाल्याच्या कॉम्प्रेसरने किंवा सायकलच्या पंपाने आतली धूळ उडवा. अराल्डाइटच्या बंद ट्यूब दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मग घोटलेलं मिश्रण बरंच पातळ होतं (पण कामाचा वेळही कमी होतो, हे लक्षात ठेवा). हेअर ड्रायरने लाकूडही जरा गरम करून घ्या. लाकूड थंड व्हायला लागलं की आतली हवा आकसते आणि ग्लू स्वतःहून आत ओढला जातो. ही साधी गोष्ट आहे पण फरक फार पडतो.

मग जाड सुईच्या सिरिंजने भरा, आणि दात साफ करायचा फ्लॉसचा धागा चिरीत घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढत ग्लू आत ढकला. चीर आरपार असेल तर पलीकडून व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड कापड लावून धरा, ग्लू दुसऱ्या बाजूने डोकावला की समजायचं भरलं. त्याच क्षणी व्हॅक्यूम बंद. शेवटी पाचर काढा, चीर दाबा, एकसारखा ग्लू संपूर्ण लांबीवर बाहेर यायला पाहिजे. जिथे बाहेर आला नाही तिथे आत पोकळी आहे, तिथे परत भरा.

बाहेर आलेला ग्लू ओला असतानाच ऍसिटोनच्या चिंधीने पुसा. चेकरिंग (पकडीसाठी कोरलेली चौकड्यांची नक्षी) असेल तर त्यातला जुन्या टूथब्रशने.

९. माझ्याकडे क्लॅम्प नाहीत, आणि दस्ता वाकडातिकडा असल्यामुळे शिकंजा बसत पण नाही.

सायकलची जुनी ट्यूब. लांबीत कापून दोन बोटं रुंद पट्ट्या करा आणि ताणून ताणून दस्त्यावर गुंडाळा, प्रत्येक फेरा आधीच्यावर अर्धा चढवून. गोलाई कशीही असली तरी सगळीकडून सारखा दाब येतो, लाकडावर वळ उठत नाहीत. खाली आधी प्लॅस्टिकची पिशवी किंवा बटर पेपर घाला म्हणजे ट्यूब चिकटणार नाही. फार आवळूनही उपयोग नाही, इपॉक्सीला थोडी जागा लागते, सगळा पिळून काढलात तर जोड उपाशी राहतो.

१०. ग्रिपजवळ पूर्ण तुटून दोन तुकडे झालेत. हे जुळतं का?

तुटलं कसं ते बघा. लांब तिरकी फाट असेल, म्हणजे दोन्ही तुकडे एकमेकांवर बोटभर तरी चढतायत, तर इपॉक्सीला पृष्ठभाग भरपूर मिळतो, जुळेल. काटकोनात कट्कन तुटलं असेल तर तिथे तंतूंची टोकं टोकांना भिडतात, असा जोड नुसत्या ग्लूवर कधीच टिकत नाही.

दोन्ही बाबतीत आतून सळई घालायला लागते. आधी ग्लूने तुकडे जोडून पूर्ण सुकू द्यायचे (प्रश्न ८, १५). मग जोडाला तिरकं छेदून जाईल असं ड्रिल करायचं आणि आत ३ मिलिमीटरची आटे असलेली पितळी सळई इपॉक्सीत बुडवून बसवायची. भोक सळईपेक्षा किंचित मोठं, साडेतीनचं चालेल, नाहीतर ग्लूला जागाच राहत नाही. पितळच का, तर गंजत नाही, आणि आट्यांमध्ये इपॉक्सी अडकून पकड येते. दोन सळया वेगवेगळ्या कोनात घातल्या तर पिळाला पण तोंड देतात. टोक लाकडाच्या आत पाच-सहा मिलिमीटर खोल ठेवा आणि वर त्याच जातीच्या लाकडाची खुंटी, रेषा जुळवून. भोक बटच्या (खांद्याला टेकणाऱ्या टोकाच्या) बाजूने किंवा ट्रिगर गार्डखालून पाडता आलं तर बाहेरून काही दिसतच नाही.

ड्रिलच्या बिटला टेप लावून खोली मार्क करा आणि बाजूला कोणाला तरी उभं करून कोन बघायला सांगा. ग्रिपचा भाग बारीक असतो, बिट पलीकडून बाहेर आला की काम दुप्पट.

लाकडातून आडवी धातूची सळई घालून फाटणं थांबवायचं ही काही घरगुती शक्कल नाही, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने .३०३ रायफलच्या दस्त्यांना पुढच्या भागात फाटू नये म्हणून आडवा स्क्रू घालायला सुरुवात केली होती, जगभरचे जुन्या रायफलींचे संग्राहक त्याला आजही ईशापूर स्क्रू म्हणूनच ओळखतात.

११. पुढच्या बाजूला, नळी मोडायच्या दांड्याची खाच आहे तिथली भिंत फुटलीय.

तिथे खाचेमुळे दोन्ही बाजूंना लाकडाची पातळ भिंतच उरलेली असते, आणि स्क्रूचा सगळा ताण त्याच भिंतीवर. चिकटवा प्रश्न ८ प्रमाणेच, पण आतल्या बाजूने फायबर कापडाची एक पातळ पट्टी इपॉक्सीत भिजवून लावा. दांडा खाली-वर होताना तिला घासणार नाही एवढी जागा आहे ना ते आधी मोजून घ्या. स्क्रूचं भोक ऐसपैस झालं असेल तर त्यात पितळी बुश (छोटी नळी) बसवा, म्हणजे स्क्रूचा दाब लाकडावर न येता धातूवर येतो.

१२. आधी कोणीतरी फेव्हिकॉल की काहीतरी लावून ठेवलंय, तो जोड परत सुटलाय.

जुना ग्लू पूर्ण काढल्याशिवाय नवीन धरत नाही. फेव्हिकॉल गरम पाणी आणि व्हिनेगरने मऊ पडतो, फेविक्विक ऍसिटोनने, इपॉक्सी हेअर ड्रायरने किंवा हीट गनने तापवून खरवडायला लागतं. ब्लेडने खरवडताना लाकडाचे तंतू काढू नका, त्या तंतूंचा आकारच जोड परत तंतोतंत बसवतो. पाणी वापरलं असेल तर पुढे जायच्या आधी दोन-तीन दिवस सावलीत सुकवा.

१३. मधला एक ढलपा उडालाय, सापडत नाही.

छोटा असेल तर त्याच लाकडाचा बारीक भुस्सा इपॉक्सीत कालवून भरा, मिश्रण श्रीखंडाएवढं दाट हवं. रंग नेहमी मूळ लाकडापेक्षा गडद येतो, त्यामुळे भुस्सा थोड्या फिक्या लाकडाचा घेतलात तरी चालेल. नखापेक्षा मोठी जागा असेल तर भरू नका, ठिगळ लावा. पटाशीने कडा सरळ करायच्या, बटप्लेटच्या (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीच्या) खालून किंवा आतल्या न दिसणाऱ्या जागेतून तेच लाकूड काढायचं, रेषा त्याच दिशेला ठेवायची, आणि ठिगळ वर किंचित उंच ठेवून नंतर घासायचं. शिसमाचा भुस्सा नाकात गेला की काही जणांना त्रास होतो, मास्क लावाच.

१४. जोड झाला, पण डाग दिसतो. पॉलिश कसं करू?

पूर्ण सुकल्यावरच घासायला घ्या. १८० च्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग २४०, ३२०, आणि ४०० ला थांबा, रेषेच्या दिशेनेच. लोखंड जिथे लाकडाला भिडतं त्या कडा आणि बटप्लेटची कड घासू नका, तिथे फट पडली की परत बुजत नाही. मध्येच एकदा ओल्या फडक्याने पुसून सुकवा, तंतू उभे राहतात, ते शेवटच्या पेपरने हलके काढा.

पॉलिश म्हणून माझी पसंती जवसाच्या तेलाला, पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळतं. अगदी पातळ हात, बोटाने चोळून, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका, दुसऱ्या दिवशी परत. चार-पाच हात झाले की चमक यायला लागते. नंतर कुठे ओरखडा आला तर तेवढ्यावरच परत हात मारता येतो, हा याचा मोठा फायदा. स्पिरिट पॉलिश, म्हणजे लाखेचं, सुंदर दिसतं पण घामाने आणि पाण्याने पांढरं पडतं. सतत पावसात-दमट हवेत वापर असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) लावा.

एक गोष्ट कृपा करून पाळा. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेते, हे खरंच होतं. चिंध्या दोरीवर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

ठोकर लागून खड्डा पडला असेल (तंतू तुटलेले नसतील) तर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली की तो फुगून वर येतो, पण जोडाच्या जवळ हे करू नका, उष्णतेने इपॉक्सी मऊ पडतं.

१५. किती वेळाने फायर करू शकतो?

साधं अराल्डाइट पूर्ण ताकदीला यायला २४ तास तरी घेतं, थंडीत जास्त, म्हणून तीन दिवस द्या. सुकलं की नाही बघायला जोड चाचपू नका, घोटलेल्यातला उरलेला गोळा पुठ्ठ्यावर ठेवलेला असतो त्यात नख रोवून बघा. मग दस्ता परत हलका पिळा, आवाज नाही, उघडझाप नाही, तर ऍक्शन बसवा. पहिले काही छर्रे गाल दस्त्याला न लावता, डोळ्यावर चष्मा घालून मारा, आणि मग स्पिरिटवाली टेस्ट (प्रश्न ३) परत करा.

१६. स्क्रू सारखे सैल होतात. किती घट्ट करू?

हाताने टेकेपर्यंत, आणि मग थोडंसंच. आवळत गेलात तर लाकूड चेपतं, चेपलं की परत सैल, असं चक्र चालू होतं. निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा ग्लू) एक थेंब आट्यांवर लावा. दर डब्यागणिक, म्हणजे छर्र्यांचा एक डबा संपला की, सगळे स्क्रू एकदा तपासायची सवय लावून घ्या. एवढी एक सवय असली तरी निम्म्या चिरी पडणारच नाहीत.

१७. पावसाळ्यात बंदूक कशी ठेवायची?

रेक्झिनच्या कव्हरमध्ये बंद करून कपाटावर टाकू नका, आत ओल कोंडते, लोखंडाला गंज आणि लाकडाला बुरशी दोन्ही येतात. सुती कापडात गुंडाळून, हवा खेळेल अशी, भिंतीला टेकणार नाही अशी ठेवा, आणि नळीचं तोंड खाली करून. तोंड खाली ठेवलं की तेल ओघळून दस्त्यात जात नाही. पावसात भिजली तर उन्हात ठेवू नका, पंख्याखाली सुकवा. आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी, कुलुपात. छर्रे वेगळे.

१८. क्लबच्या मॅच रायफलच्या लाकडी दस्त्याला चीर आहे. मीच करू का?

क्लबची असेल तर हात लावू नका, कोचला दाखवा. स्वतःची १० मीटरची मॅच रायफल असेल तर चिकटवणं वर सांगितल्याप्रमाणेच, पण त्या दस्त्याची गालाची, बटची सेटिंग तुमच्या शरीराप्रमाणे बसवलेली असते, ती सुरुवातीलाच मोजून फोटो काढून ठेवा. सळया घातल्यात तर वजनही करा, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) नियमात एअर रायफल ५.५ किलोच्या वर जाता कामा नये.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ज्यात कांस्य मिळवलं तो ५० मीटर थ्री पोझिशन प्रकार .२२ च्या काडतुसाच्या रायफलचा आहे, एअर रायफलचा नाही. त्या रायफलला पुढचं उत्तर लागू होतं. एनसीसीच्या .२२ लाही तेच, तिथे फक्त चीर रिपोर्ट करायची.

१९. शेतीसंरक्षणाची बारा बोर आहे, ग्रिपला चीर आहे. किंवा आजोबांची ठासणीची आहे. ती कशी चिकटवू?

घरी चिकटवू नका. कायदा प्रश्न २ मध्ये सांगितला, पण कायदा बाजूला ठेवला तरी उत्तर तेच आहे. बारा बोरचा धक्का एअर रायफलच्या कितीतरी पट, आणि ग्रिपची चीर फायर करताना सुटली तर लाकडाची फाटलेली टोकं तुमच्या अंगठ्यापाशी आणि गालापाशी असतात. डबल बॅरलला लोखंडी पट्टीच्या शेपटामागे चीर असेल तर ते लोखंड पाचरीसारखं लाकडात घुसतंय, तिथे मागे बारीक फट कोरून द्यावी लागते. हे परवानाधारक दुरुस्तीवाल्याचंच काम. चीर दिसली त्या दिवसापासून फायर बंद, बंदूक परवान्यासकट त्याच्याकडे न्या आणि पावती घ्या.

निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करताना आणि परत घेताना दस्त्याचे फोटो काढून ठेवा, आधीची चीर कुठली आणि नंतरची कुठली हे नंतर सांगता येत नाही. आजोबांच्या बंदुकीचा परवाना आजोबांच्याच नावावर राहिला असेल तर दस्त्याचा विषय नंतर, आधी पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जाऊन ते मार्गी लावा.

२०. चिरीतून बारीक पिठासारखी भुकटी पडते. ती काय?

भुंगा लागलाय. टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आहेत का शोधा आणि दस्ता काळ्या कागदावर दोन दिवस ठेवा. नवी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे, तोपर्यंत ग्लू लावण्यात अर्थ नाही. लाकडाच्या किडीचं औषध पेंटच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते सिरिंजने प्रत्येक भोकात सोडा, दस्ता प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काही दिवस ठेवा, परत काळा कागद. भुकटी थांबली की सुई टोचून बघा. सुई वरवरच अडत असेल तर लाकूड शाबूत आहे, प्रश्न ८ पासून सुरू करा. ग्रिपपाशी सुई सहज आत जात असेल तर तो दस्ता धक्का सोसणार नाही. अशा वेळी नवा दस्ता बनवून घ्या, आणि जुना टाकू नका, नव्याचं माप काढायला सुताराला तोच लागणार.